सटवाजींचा सोळा घरांचा मांडव

सटवाजी सुतारांनी आमच्या गल्लीसाठी जे बांधलं, ते वर्षातले बारा दिवस उभं असायचं आणि उरलेले दिवस आमच्या घरांत पडून असायचं. त्यामुळे मळमड्डी ह्या आमच्या भागाबाहेर त्याची फारशी कुणाला माहिती नाही. हल्ली कुठल्याही कमानीचे फोटो काढून जगभर पाठवतात. सटवाजींच्या मांडवाचे माझ्याकडे तीन फोटो आहेत, आणि तिन्हींत मांडवापेक्षा माणसांनीच जास्त जागा अडवली आहे. म्हणून लिहून ठेवते. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, सटवाजी एक्याऐंशींचे. उशीर करण्यात अर्थ नाही.

आमच्या गल्लीच्या गणपतीला आधी बांबूचा मांडव असे. चौऱ्याहत्तर साली चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी तो पावसात खाली बसला. गणपती वाचला, पेटीवाल्या मास्तरांचा खांदा वाचला नाही. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत सटवाजी राहायचे. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. ते पडलेला मांडव बघायला आले, एक बांबू पायाने उलटा केला आणि म्हणाले, "हा दरवर्षी नवा आणायचा, दरवर्षी फेकायचा. ह्याला काय अर्थ आहे?"

त्या काळात रेल्वेचे लाकडी डबे मोडीत निघत होते. डब्यांचा साग भंगारात विकला जायचा. सटवाजींनी गल्लीला तो घ्यायला लावला. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले होते, आणि आपल्याला लाकडातलं कळतं अशी माझी समजूत होती. मी त्यांना सांगितलं, हे तुकडे आखूड आहेत, लाकडाच्या डेपोतून ऐनाचे सरळ लांब खांब आणा.

"बाई," ते म्हणाले, "हे लाकूड चाळीस वर्षं गाडीवर हादरलंय. ऊन खाल्लंय, पाऊस खाल्लाय. ह्याला जे वाकायचं, फाटायचं होतं ते होऊन गेलंय. आता ते कुणाला फसवणार नाही. नवं झाड कशाला पाडायचं?"

पुढे तीस वर्षं मी लाकडावर तास घेतले. एवढं सरळ वाक्य मला एकदाही सुचलं नाही.

तर सोळा खांब. प्रत्येक खांब दोन तुकड्यांचा, मधोमध एकमेकांत बसवलेला. आडव्या तुळयांची जीभ खांबाच्या भोकात जायची आणि आरपार एक लाकडी खुंटी ठोकायची. खिळा नाही, स्क्रू नाही. खांबाच्या तळाला बोटभर लोखंडी गज, तो खालच्या दगडाच्या म्हणजे तळखड्याच्या भोकात उभा राहायचा. लाकूड दगडाला टेकायचं नाही, मधून वारा जायचा. वर सुपारीच्या झावळ्या, त्यावर ताडपत्री. कुठलाही तुकडा एका माणसाने उचलावा एवढाच. "डब्याचं असंच असतं," ते सांगायचे. "एक फळी गेली तर फळी बदलायची. अख्खा डबा कुणी बदलत नाही."

आता ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. गल्लीकडे गोदाम नव्हतं. सटवाजी म्हणाले, घरं सोळा आहेत. प्रत्येक घरी एक खांब, त्याच्या दोन तुळया आणि खुंट्यांची पिशवी. खांबावर पटाशीने खाचा पाडल्या, एक ते सोळा. आमच्याकडे सात खाचांचा आला. स्वयंपाकघरात माळ्याखाली दोन आकड्यांवर तो आडवा राहिला आणि मी त्याच्यावर पन्नास वर्षं पातळं वाळत घातली. पाव्हणे म्हणायचे, "हा दांडा चांगला जाड आहे." मी म्हणायचे, "गणपतीचा आहे." पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती.

एका खाचेचा खांब अंबूताईंकडे गेला. अंबूताई माझ्या समोरच्या, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. तो खांब मुहूर्तमेढ. पहिला तोच उभा राहायचा, त्याला हळदकुंकू, आंब्याचा डहाळा, मग बाकीचे पंधरा. म्हणून अंबूताईंनी तो देवघरात ठेवला. त्यांच्या घरी सोवळंओवळं कडक होतं. मीसुद्धा देवघराच्या उंबऱ्यापर्यंतच जात असे.

दर ज्येष्ठात सटवाजी रविवारी एक फेरी करायचे. घरोघरी जाऊन खांबावर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि कान लावायचे. आमच्याकडे टकटक, चहा, माझ्या नवऱ्याशी कोर्टातल्या गप्पा. पुढच्या घरी टकटक, चहा. अंबूताईंच्या घरी मात्र ते व्हरांड्यातच उभे राहायचे आणि विचारायचे, "अक्का, खांब बरा आहे ना?"

आतून उत्तर यायचं, "देवाजवळ आहे, त्याला काय होणार?"

सटवाजी मान हलवून पुढे जायचे. हे मी जवळजवळ पन्नास वर्षं माझ्या खिडकीतून बघितलं. त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही, कारण सगळ्यांना तसंच वाटत होतं.

मांडव उभा राहिला की परीक्षा व्हायची. गल्लीतल्या सगळ्यात वजनदार माणसाने मधल्या तुळईला लोंबकळायचं. हा मान ओळीने एकतीस वर्षं माझ्या नवऱ्याकडे, सदाशिवरावांकडे होता. वकील माणूस, एका हाताने पँट धरायचे, दुसऱ्या हाताने तुळई. पोरंटोरं खिदळायची. सटवाजी खांबाला कान लावून उभे असायचे, चेहरा परीक्षकासारखा.

"वकीलसाहेब, हलू नका."

"अरे, पँट सुटतेय."

"सुटू दे. खांब बोलतोय का ते ऐकू दे."

मग ते कान काढायचे आणि म्हणायचे, "कुरकुरला नाही." तेवढ्यावर गणपती यायचा. पोलीस, परवाना, कागद, काही नाही.

दोन हजार एकोणीसला कमिटीने लोखंडी पाइपांचा मांडव भाड्याने आणायला सुरुवात केली. टेम्पोतून येतो, दोन तासांत उभा राहतो, कुणाला खांब काढून द्यायला नकोत. सटवाजींना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही. फक्त ज्येष्ठातली फेरी थांबली नाही. उभा न राहणाऱ्या मांडवाचे खांब ते दरवर्षी तपासत राहिले. सदाशिवराव गेल्यावरही आले. टकटक केलं, चहा घेतला आणि रिकाम्या खुर्चीशेजारी जरा वेळ बसून गेले.

दोन हजार चोवीस हे मांडवाचं पन्नासावं वर्ष. कमिटीचा सेक्रेटरी श्रीहर्ष, चाळिशीतला, घरी बसून कुठल्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करणारा, त्याच्या डोक्यात आलं की यंदा जुना मांडव लावू. बैठक माझ्या व्हरांड्यात झाली. आता परवान्यासाठी इंजिनिअरचा दाखला लागतो. दाखला गुरुवारपर्यंत मिळाला तर लाकडी मांडव, नाही तर पाइपवाला तयारच होता. आणि दुसरी गोष्ट श्रीहर्षने जरा घाईने सांगितली. दांडेलीकडच्या एका रिसॉर्टवाल्याने सागाला मागणी घातली होती. जेवणाची टेबलं करायची होती. यंदा मांडव उभा राहिला नाही तर लाकूड देऊन टाकायचं. घरांत आता जागा कुठे आहे?

सगळ्यांनी सटवाजींकडे बघितलं.

"टेबलं चांगली होतील," ते म्हणाले. "साग आहे."

मी त्यांच्या पुढे ठेवलेला चहा तसाच राहिला. पन्नास वर्षांत त्यांनी माझ्या घरचा चहा सोडल्याचं मला आठवत नाही.

इंजिनिअर म्हणून आली दीपाली. देशपांडे नगरात राहते, कॉलेजात शिकवते, पस्तिशीची. पायात बूट, हातात टेप आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर. बोलणं मोजकं. मला ती लगेच आवडली. गल्लीच्या मैदानात पंधरा खांब आडवे ठेवले होते. तिने प्रत्येकाला चार ठिकाणी स्क्रूड्रायव्हर टोचला. सटवाजी तिच्या मागोमाग टकटक करत होते. तिने विचारलं, "काका, तुम्ही काय ऐकताय?"

"तू काय टोचतेस तेच."

"पंधरा चांगले आहेत."

"हौदु," सटवाजी म्हणाले. म्हणजे होय. "सोळावा अक्कांकडे आहे."

बाकीचे खांब मैदानात आले की मुहूर्तमेढ शेवटी वाजतगाजत आणायची आणि पहिली उभी करायची, अशी रीत. अंबूताईंनी निरोप पाठवला होता की चतुर्थीच्या सकाळी खांब मिळेल, तोही आंघोळ केलेल्या माणसाच्याच हाती. दीपाली म्हणाली, सोळाच्या सोळा बघितल्याशिवाय सही नाही. म्हणून आम्ही चौघं अंबूताईंकडे गेलो. ती, श्रीहर्ष, सटवाजी आणि मी. सटवाजी सवयीने व्हरांड्यात थांबले.

दीपाली बूट काढून, पाय धुऊन आत गेली. खांब देवघराच्या कोपऱ्यात एका पितळी परातीत उभा होता, भिंतीला टेकवलेला. वरपासून खालपर्यंत हळदकुंकवाचे थर, वर वाळलेला डहाळा. दीपालीने खाली वाकून स्क्रूड्रायव्हर लावला. जोर केला नाही, नुसता लावला. तो मुठीपर्यंत आत गेला.

मग ती वळून म्हणाली, "काका, तुम्ही आत या."

अंबूताई उंबऱ्याशी उभ्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, दाराला हात टेकून. सटवाजींनी व्हरांड्यातून त्यांच्याकडे बघितलं, दीपालीकडे नाही.

"पाय धुऊन येतो," ते म्हणाले.

"या," अंबूताई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा सटवाजी त्या खोलीत गेले. गुडघे धरून बसले. खांबावर वरून खाली टकटक करत आले. खाली येता येता आवाज बदलला, एखादी ओली भिंत ठोकावी तसा झाला. परातीत पाणी होतं.

"अक्का, रोज पाणी घालता?"

"रोज. एक तांब्या. कार्तिकात दोन."

"कधीपासून?"

"मांडव बंद झाला तेव्हापासून." त्यांचा आवाज बारीक झाला. "आधी नुसता ठेवलेला असायचा. मग म्हटलं, उभा राहत नाही, निदान त्याची पूजा तरी चुकायला नको. मी काय वाईट केलं का, सटवाजी?"

इथे मला स्वतःबद्दल एक सांगायला हवं. अंबूताई खांबाला पाणी घालतात हे मला ठाऊक होतं. उंबऱ्यातून मी ते बघितलं होतं आणि घरी येऊन हसले होते. सागसुद्धा पाण्यात उभा ठेवला तर आज ना उद्या कुजतो, हे मी शेकडो पोरांना शिकवलं. समोरच्या घरी जाऊन सांगितलं नाही. एखाद्याच्या पूजेत कशाला पडा, असं म्हणायची आपल्याला सवय आहे, आणि ती फार सोयीची आहे.

"तुमचं काही नाही चुकलं," सटवाजी म्हणाले. "मी आत येऊन बघायला हवं होतं."

हे वाक्य ऐकून अंबूताई खाली बसल्या. आत येऊ कुणी दिलं नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

दीपाली म्हणाली, "ह्याच्यावर मी सही करू शकत नाही. वीतभर पूर्ण गेलंय. ह्या एका जागी लोखंडी खांब चालेल."

"मग तो पंधरा घरांचा मांडव," सटवाजी म्हणाले. "आणि मुहूर्तमेढ पाइपाची?"

"खालून नवा तुकडा जोडता येईल?"

"पोटाला जोड चालतो. पायाला देऊ नये."

"मग कापा," श्रीहर्ष म्हणाला, "आणि खाली विटा लावून उंची करू."

दीपाली आणि सटवाजी एकदमच म्हणाले, "विटा नको." मग एकमेकांकडे बघितलं. तिथून पुढे त्या दोघांचं जमलं.

कापून आखूड होणारा खांब टेकायला एकसंध दगड हवा होता, बाकीच्या तळखड्यांपेक्षा वीतभर उंच. सटवाजी उठून मागच्या दारात उभे राहिले. परसात, नळाशेजारी, अंबूताईंचा रगडा पडला होता. वाटणाचा मोठा चौकोनी दगड, मध्ये खळगा, खळग्यात पावसाचं पाणी आणि त्यात जास्वंदीचं एक फूल.

"अक्का, हा वापरात आहे?"

"मिक्सर आल्यापासून नाही. सासूबाईंचा आहे. ह्याच्यावर वाटलेल्या पिठाच्या इडल्या तुम्हीही खाल्ल्यात."

"खाल्ल्यात की. व्हरांड्यात बसून."

"टोमणे नका मारू आता. काय करायचंय त्याचं?"

"उलटा ठेवायचाय. खळगा खाली, सपाट बाजू वर. खळग्यात पाणी साचेल, उलटा केला की साचणार नाही."

"सासूबाईंचा रगडा उलटा?"

"वर मुहूर्तमेढ येणार आहे."

त्यांनी बराच वेळ त्या दगडाकडे बघितलं. "न्या," म्हणाल्या. "पण फूल काढून घ्या आधी."

दीपालीने दगड टेपने मोजला, सटवाजींनी वितीने. दोघांच्या मापात अर्ध्या बोटाचा फरक आला, आणि दीपालीने पुन्हा मोजलं तेव्हा चूक तिची निघाली. ती हसली, पहिल्यांदाच. दगडाला भोक पाडायला गवंडी आला. राहिलं खांब कापायचं.

सटवाजींच्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे. काटकोनाचा गुण्या लावून त्यांनी रेघ ओढली, तीही डावा हात उजव्यावर दाबून. मग करवत उचलली, खांबावर ठेवली, आणि ती लाकडावर थरथरायला लागली. त्यांनी ती तशीच थोडा वेळ धरून ठेवली. बुधवारची दुपार होती. मैदानात आम्ही दहा-बारा जण होतो आणि सगळ्यांना कुठेतरी दुसरीकडे बघायचं होतं.

"श्रीहर्ष," ते म्हणाले. "इकडे ये."

"मी? काका, मी घरात खिळासुद्धा ठोकलेला नाही."

"चांगलं आहे. इथे खिळे नाहीतच."

आणि त्या माणसाला त्यांनी तासभर जे फैलावर घेतलं ते मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून मजेत ऐकलं. दाबू नको, ओढ. रेघेवर नको, रेघेच्या बाहेर. रेघ मला परत दिसली पाहिजे. तुझी करवत आहे की तुझा मोबाइल, सारखा बोटाने काय चाचपतोस? श्रीहर्षच्या शर्टाची पाठ भिजली. शेवटी कुजका तुकडा सुटून पडला. आतलं लाकूड कोरडं, तांबूस, पन्नास वर्षांपूर्वी मी बघितलं होतं तसंच. वास आला, आणि मला एकदम रेल्वेचे ते जुने डबे आठवले, उन्हात तापलेल्या बाकांचे.

गुरुवारी सकाळी मांडव उभा राहिला. मुहूर्तमेढ पहिली, तळाला गज पुन्हा बसवून, उलट्या रगड्यावर. दीपालीने दोर लावून चारही बाजूंनी ओढून बघितलं, वहीत आकडे लिहिले. मग तिने मधल्या तुळईला वाळूची पोती अडकवायला सांगितली. "किती किलो धरू?" ती स्वतःशीच हिशेब करत होती.

सटवाजी माझ्याकडे वळले. "बाई, साहेबांचं वजन किती होतं?"

"ब्याण्णव," मी म्हटलं. "डॉक्टरांना अठ्ठ्याऐंशी सांगायचे."

"ब्याण्णव धर," सटवाजींनी दीपालीला सांगितलं.

तिने मला काही विचारलं नाही. श्रीहर्षने वाळू तोलून दोन पोती भरली, ती तुळईला लटकली. सटवाजींनी मुहूर्तमेढीला कान लावला. मी त्या पोत्यांकडे बघत होते. एवढ्या वर्षांत मी एकदाही माझ्या नवऱ्याला लोंबकळताना नीट बघितलं नव्हतं. मी दरवेळी लाजेने घरात निघून जायचे.

"कुरकुरला नाही," सटवाजी म्हणाले.

दीपालीने अजून दोन पोती वाढवायला लावली, तासभर थांबली आणि मग कागद मांडीवर ठेवून सही केली. खाली एक ओळ लिहिली: दरवर्षी उभारणीपूर्वी सोळाही खांबांची, ते जिथे ठेवले असतील तिथे जाऊन तपासणी करावी. सटवाजींनी ती मला वाचून दाखवायला सांगितली. पुन्हा एकदा वाचायला सांगितली.

बारा दिवसांनी खुंट्या निघाल्या आणि खांब घरोघरी परत गेले. रिसॉर्टवाल्याला श्रीहर्षने कळवलं की लाकूड द्यायचं नाही. सात नंबर माझ्याकडे आला, मी त्यावर पातळं टाकली. मुहूर्तमेढ पोचवायला सटवाजी आणि श्रीहर्ष दोघं गेले. मीही गेले, मला राहवत नाही. अंबूताईंनी परात काढून ठेवली होती. त्या जागी दोन लाकडी ठोकळे मांडले होते, खाली वारा जावा म्हणून. ते त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

"पाणी नाही घालणार," त्या म्हणाल्या. "पण काहीच करायचं नाही म्हणजे कसं? नुसतं बघत बसू?"

"जवसाचं तेल," सटवाजी म्हणाले. "वर्षातून एकदा, फडक्याने. पूजेची पूजा होईल, लाकडाचं लाकूड राहील. नीर मात्र बेड, अक्का."

"कळलं. पाणी नको. दहा वेळा सांगू नका." मग त्यांनी आतून पाट आणला आणि देवघराच्या समोर ठेवला. "बसा. इडल्या केल्यात. मिक्सरच्या आहेत, नावं ठेवू नका."

सटवाजी बसण्याआधी वाकले आणि खांबावर एकदा टकटक केलं.